परीक्षक लक्ष विचलित करतात तेव्हा : वैद्यकीय प्रात्यक्षिक परीक्षेत तपासणीचा धागा कसा टिकवावा

मायट्रल स्टेनोसिसच्या (हृदयाची एक झडप अरुंद झालेल्या) रुग्णाला डाव्या कुशीवर वळवलेले आहे, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाच्या जागी, अलगद टेकवलेली आहे, रुग्ण सांगितल्याप्रमाणे श्वास सोडून थांबला आहे आणि खालच्या पट्टीतील तो गडगडणारा मर्मर (झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा जादा आवाज) कानावर येतो न येतो, तोच पलंगाच्या पायथ्याशी उभे असलेले एक्सटर्नल, म्हणजे बाहेरच्या महाविद्यालयातून आलेले परीक्षक, विचारतात, "र्‍हुमॅटिक फीव्हरचे (झडपा बिघडवणाऱ्या संधिज्वराचे) क्रायटेरिया कोणाचे?" उत्तर सोपे आहे. डकेट जोन्स यांनी ते 1944 मध्ये मांडले, आणि हे बहुतेक विद्यार्थ्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. विद्यार्थी तसे सांगतोही, मान हलते, आणि पुन्हा कानात नळ्या घालताना आपण एपेक्स ऐकून संपवले होते की संपवायचे होते, हेच त्याला आठवेनासे होते. तो पुढे जातो, ट्रायकस्पिड या दुसऱ्या झडपेचा भाग ऐकायचा राहतो आणि रुग्ण मात्र कुशीवरच पडून राहतो. प्रश्नाचे उत्तर बरोबर आले, तपासणी मात्र मोडली.

या लेखात विचार केला आहे तो एमबीबीएसच्या अखेरच्या टप्प्यातील मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र आणि बालरोग या विषयांच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा, कारण नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना ज्या लाँग केस (एका रुग्णाचा पूर्ण इतिहास व तपासणी), शॉर्ट केस (एखाद्याच भागाची थोडक्यात तपासणी) आणि टेबल व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) सामोरे जावे लागते, ती पद्धत मला आतून माहीत आहे. प्रथम परीक्षार्थी म्हणून आणि नंतर शिकवणारा म्हणून पाहिलेल्या गोष्टींवरून माझे मत असे बनले आहे की, परीक्षकाचा आवाज विद्यार्थ्याचे फारसे नुकसान करत नाही. त्या आवाजाचा विद्यार्थी जो अर्थ लावतो तो करतो. म्हणून पुढे सांगितलेले बहुतेक उपाय कान बंद करण्याचे नसून हात आणि क्रम जागेवर ठेवण्याचे आहेत.

परीक्षक असे का वागतात

एक परीक्षक फोनवर बोलत असतो, दोघे आपसात हलक्या आवाजात हसत असतात, कोणी गुणपत्रिका भरत असतो, कोणी चहाचा कप हातात घेऊन शेजारच्या पलंगाकडे पाहत असतो, तर कोणी विद्यार्थ्याच्या प्रत्येक वाक्यानंतर केवळ "हं" म्हणतो. यांतील प्रत्येक गोष्ट घाबरलेल्या विद्यार्थ्याला स्वतःवरचा निकाल वाटू लागते. प्रत्यक्षात ते परीक्षक सकाळपासून तोच इतिहास आणि तीच तपासणी कितीतरी वेळा ऐकत-पाहत आलेले असतात. इंटर्नल, म्हणजे त्याच महाविद्यालयाचे, असतील तर त्यांच्या युनिटमधला अत्यवस्थ रुग्णही त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात असतो, आणि एक्सटर्नल असतील तर संध्याकाळची परतीची गाडी. त्यांचे हसणे बहुधा तुमच्याविषयी नसते. हे वाक्य धीर देण्यासाठी लिहिलेले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून गुणांचा अंदाज बांधणे हा मुळातच चुकीचा हिशेब असतो, आणि तपासणी करतानाच्या मोजक्या मिनिटांत तो हिशेब मांडणे परवडणारे नसते.

काही परीक्षक मात्र मुद्दाम मध्ये बोलतात. वॉर्डात सिस्टर इंजेक्शनचे विचारायला येणार, वॉर्डातले मामा (मदतनीस) एक्स-रे घेऊन येणार, नातेवाईक हाक मारणार, आणि तरीही डॉक्टरला तपासणी पुरी करावीच लागणार, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. अमेरिकेत 1981 पासून विमानाच्या उड्डाणाच्या व उतरण्याच्या टप्प्यात, दहा हजार फुटांखाली, वैमानिकांना कामाबाहेरचे बोलण्यास मनाई आहे. नाजूक कामात व्यत्यय सहन करण्याची सवय लावण्यापेक्षा व्यत्ययच टाळावा, हा त्यामागचा विचार आहे. अर्थात परीक्षकांना हे सुनावण्याची जागा परीक्षेचा पलंग नव्हे, म्हणून विद्यार्थ्याने तयारी करावी ती व्यत्यय येणारच असे गृहीत धरून.

तयारी : क्रम जिभेवर नको, हातात हवा

पुस्तकातील तपासणीचा क्रम पाठ असणे आणि तो हातात उतरलेला असणे, यांतील फरक व्यत्यय आल्यावरच कळतो. पाठांतर मध्येच तुटले की माणसाला पहिल्या ओळीवर जावे लागते. हाताची सवय मात्र जिथे थांबली तिथून पुढे चालू होते. यासाठी परीक्षेआधीचे किमान तीन-चार आठवडे रोज एका प्रणालीची तपासणी त्याच क्रमाने, त्याच बाजूने, म्हणजे रुग्णाच्या उजवीकडे उभे राहून करावी, आणि आज एका मित्राकडून तर उद्या दुसऱ्या पुस्तकातून घेतलेला क्रम आजमावण्याचा मोह टाळावा. कोणता क्रम निवडला याला तुलनेने कमी महत्त्व आहे; तो बदलू नये, याला जास्त.

दुसरा सराव तिघांनी मिळून करायचा आहे. एकाने बॅचमेटची तपासणी करावी, तिसऱ्याने परीक्षक व्हावे, आणि या परीक्षकाने ठरवून त्रास द्यावा : नाडी मोजत असताना वय विचारावे, कान लावलेला असताना औषधाचा डोस विचारावा, फोनवर खोटेखोटे बोलावे, "खात्री आहे?" असे उगाच म्हणावे. पहिल्या दोन दिवशी सगळे हसतात आणि सराव वाया गेल्यासारखा वाटतो. आठवड्याभरात हसू थांबते आणि हात थांबेनासा होतो. हा सराव वॉर्डातील रुग्णांवर मात्र करू नये. ज्याला दम लागलेला आहे त्याला आपल्या नाटकासाठी दहा वेळा उठवणे-बसवणे योग्य नाही.

पलंगापाशी : मध्येच प्रश्न आला तर नेमके काय करावे

एक साधा नियम आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्याचेच तपशील आहेत. परीक्षक बोलला की विद्यार्थ्याचा हात नकळत रुग्णावरून उचलला जातो आणि शरीर परीक्षकाकडे वळते. तो हात उचलू नये. मान वळवावी, नजर द्यावी, उत्तर द्यावे, पण शक्य असेल तेथे एक हात रुग्णावर, थांबलेल्या जागी, राहू द्यावा. त्या हाताचा उपयोग पुस्तकात घातलेल्या खुणेसारखा होतो.

मोजमापांच्या बाबतीत मात्र खूण पुरत नाही. नाडी मोजताना बाविसाव्या सेकंदाला प्रश्न आला, तर राहिलेल्या सेकंदांचा अंदाज जोडून आकडा सांगू नये. उत्तर देऊन पूर्ण मिनिट नव्याने मोजावे, आणि एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा) संशय असेल तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण तिथे हृदयाचे ठोके आणि मनगटावरची नाडी यांतील फरक हेच शोधायचे असते. रक्तदाब घेताना पारा खाली येत असताना आवाज हुकला, तर अर्ध्यातूनच पुन्हा फुगा दाबून पारा वर चढवण्याचा मोह होतो. तसे केल्यास हातातील शिरांत रक्त साचून आवाज मंद होतात आणि आकडा बिघडतो. कफ पूर्ण सैल करावा, एखादे मिनिट थांबावे आणि पुन्हा घ्यावा. हे थांबलेले मिनिट वाया जात नाही. परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तेच सर्वांत चांगले मिनिट असते.

श्वसनाचा वेग हे आणखी अवघड प्रकरण आहे, कारण इथे विचलित होतो तो रुग्ण. मनगट नाडी मोजल्यासारखे धरून ठेवून, रुग्णाच्या लक्षात येणार नाही असा श्वास मोजायचा असतो, तेवढ्यात परीक्षक रुग्णालाच विचारतात, "काय हो, गाव कुठलं तुमचं?" रुग्ण बोलू लागला की ती मोजणी निरुपयोगी झाली. बोलणे संपू द्यावे, रुग्णाला शांत होऊ द्यावे आणि मग मोजावे. ऐकताना रुग्ण बोलत असेल तर "काका, दोन मिनिटं बोलू नका हं, मला नीट ऐकायचंय" असे सौम्यपणे सांगण्यात काहीही गैर नाही, आणि समजूतदार परीक्षक त्यातला निरोप स्वतःसाठीही घेतात.

पोटाच्या तपासणीत प्लीहा शोधताना उजव्या इलियाक फोसापासून (पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून) सुरुवात करून श्वासागणिक डाव्या बरगडीकडे सरकायचे असते. व्यत्ययानंतर आपण कुठवर आलो होतो याची तिळमात्र शंका असेल, तर मधूनच सुरू न करता पुन्हा उजव्या इलियाक फोसावर जावे. त्यात फार वेळ जात नाही, आणि मोठी प्लीहा कडा न सापडता निसटते ती याच घाईत. शिफ्टिंग डलनेस (पोटातील पाणी सरकल्याने ठोकल्याचा मंद आवाज बदलतो का ते) पाहताना तर व्यत्यय जवळजवळ ठरलेला असतो, कारण रुग्णाला कुशीवर वळवल्यावर पाणी सरकेपर्यंत थोडे थांबावे लागते आणि ती शांतता परीक्षकाला प्रश्नाचे आमंत्रण वाटते. बोट जिथे मंद आवाज लागला तिथेच टेकलेले ठेवावे. उत्तर देताना ते उचलले, तर पुन्हा ठोकून आलेल्या आवाजाची तुलना कशाशी करायची, हेच उरत नाही.

कानात स्टेथोस्कोप असताना प्रश्न नीट ऐकूच येत नाही, आणि अर्धवट ऐकलेल्या प्रश्नाला दिलेले उत्तर हा प्रात्यक्षिक परीक्षेतला एक खास विनोद आहे. नळ्या कानातून काढाव्यात, प्रश्न पूर्ण ऐकावा, उत्तर द्यावे आणि त्याच भागापासून, संपूर्ण तपासणीच्या आरंभापासून नव्हे, पुन्हा ऐकावे. रुग्णाला श्वास रोखायला सांगितलेला असेल तर आधी "श्वास घ्या" असे सांगावे. परीक्षकाच्या प्रश्नात गुंतून रुग्ण श्वास धरून ताटकळलेला मी पाहिला आहे, आणि त्या विद्यार्थ्याला उत्तराचे गुण मिळाले असतील, पण परीक्षकाच्या कपाळावरची आठी त्या रुग्णासाठी होती.

उत्तर थोडे लांबेल असे दिसले, तर रुग्णाचे अंग झाकावे. ही एक कृती इतक्या थोड्या विद्यार्थ्यांकडून घडते की जो करतो तो लक्षात राहतो. छाती उघडी ठेवून, चार माणसांसमोर, हीमोप्टिसिसची (खोकल्यातून रक्त पडण्याची) दहा कारणे ऐकत पडून राहणे कोणालाही आवडणार नाही. प्रसूतिशास्त्रात याला आणखी एक बाजू आहे : दिवस भरत आलेल्या बाईला उताणे फार वेळ झोपवले तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून तिला घेरी येऊ शकते. चर्चा लांबली की "ताई, जरा डाव्या कुशीला वळता का" असे म्हणावे. बालरोगात सगळेच उलटे होते, तेथे परीक्षकाच्या मोठ्या आवाजाने मूल रडू लागण्याआधीच छाती ऐकून घ्यावी आणि घसा शेवटी पाहावा.

गळ्याच्या गाठीच्या रुग्णाला पाणी गिळायला लावताना एकच घोट उरलेला असणे, आणि नेमके त्याच घोटाला परीक्षकाने विचारणे, हे इतक्यांदा घडते की पाण्याचा ग्लास भरून घेणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

"सर, एवढे ऐकून झाल्यावर सांगू का?"

परीक्षकाला थांबण्याची विनंती करता येते का, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. करता येते, एकदा, शांतपणे आणि कारणासह. "सर, मी एवढे ऑस्कल्टेशन (स्टेथोस्कोपने ऐकणे) पूर्ण करून सांगितले तर चालेल का?" हे वाक्य आधी आरशासमोर म्हणून पाहावे, कारण घाबरलेल्या तोंडून तेच वाक्य उद्धट वाटू शकते. बहुतेक परीक्षक हो म्हणतात. एखाद्याने "नाही, आत्ताच सांगा" म्हटले, तर वाद न घालता सांगावे. हीच विनंती प्रत्येक प्रश्नाला केली की ती पळवाट दिसू लागते, त्यामुळे ती खरोखर कान लावलेल्या किंवा आकडा मोजत असलेल्या क्षणासाठी राखून ठेवावी.

केस प्रेझेंट करताना

इथे व्यत्यय वेगळ्या रूपात येतो. विद्यार्थी तक्रारींचा आरंभ, कालावधी आणि वाढ सांगत असतो, आणि परीक्षक म्हणतात, "ते राहू द्या, डायग्नोसिस काय?" अनेकांचा पाया इथे खचतो, कारण त्यांनी निदान शेवटी सांगायचे म्हणून शेवटीच ठरवायचे ठेवलेले असते. लाँग केससाठी मिळालेल्या वेळातील अखेरची पाच मिनिटे लिखाण थांबवून एक वाक्य तयार करण्यासाठी द्यावीत : कोणता आजार, कोणत्या कारणाने, सध्या कोणती गुंतागुंत आहे आणि कोणती नाही. हे वाक्य हातात असले की परीक्षक कुठूनही शिरला तरी उभे राहायला जागा मिळते.

मध्येच उपप्रश्न आला तर एक-दोन वाक्यांत उत्तर देऊन, जिथे थांबलो त्या शीर्षकाचे नाव मोठ्याने घ्यावे : "सर, आता वैयक्तिक इतिहासाकडे येतो." परीक्षेची भाषा इंग्रजी असते, त्यामुळे हे वाक्य त्या भाषेत बसवून ठेवावे, मुद्दा असा की शीर्षक उच्चारल्याने परीक्षकालाही आपण कुठे होतो ते आठवते. कागदावर शीर्षके ठळक लिहून, सांगून झालेल्या शीर्षकापुढे पेन्सिलने छोटी रेघ ओढत जाण्याची सवय फार उपयोगी पडते.

"खात्री आहे?" हा प्रश्न विचलित करणाऱ्या साऱ्या प्रश्नांचा राजा आहे. तो चुकीच्या उत्तराला विचारला जातो तसाच बरोबर उत्तरालाही विचारला जातो, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. यावर आपले निरीक्षण पुन्हा सांगावे : "सर, डाव्या बाजूला खाली ठोकताना आवाज अगदी जड लागला आणि श्वासाचा आवाज कमी आहे, म्हणून मी प्ल्यूरल इफ्यूजन (फुफ्फुसाभोवती साचलेले पाणी) म्हणतो." निरीक्षणावरच शंका असेल तर "पुन्हा तपासून पाहू का?" असे विचारणे प्रामाणिकपणाचे आहे. आधारावाचून उत्तर बदलणे मात्र वाईट, कारण त्यानंतरचा प्रश्न "आधी का तसे म्हणालात?" हा असतो. दोन परीक्षकांचे मत एकमेकांविरुद्ध असल्यास, आणि असे असते, विद्यार्थ्याने पंच होऊ नये. ज्याने विचारले त्याला उत्तर द्यावे, आधार सांगावा आणि थांबावे.

न बोलणारे परीक्षक

ज्यांना सतत टोकणाऱ्या परीक्षकांची सवय असते, त्यांना अबोल परीक्षक अधिक छळतात. आपल्याकडील ओस्कीच्या (घंटेबरोबर टेबले बदलत, ठरलेल्या तक्त्यावर गुण देण्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) टेबलावर बसलेला निरीक्षक तक्त्यावर खुणा करतो आणि घंटेपर्यंत बहुधा काही बोलत नाही. रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डंडी येथून 1975 मध्ये ही पद्धत मांडली, तीच मुळी एका रुग्णावर आणि एका परीक्षकाच्या कलावर गुण अवलंबून राहू नयेत म्हणून. त्यामुळे निरीक्षकाचे मौन हा पद्धतीचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये जाऊ पाहणाऱ्या मराठी डॉक्टरांना हे आणखी प्रकर्षाने जाणवते. मँचेस्टरला होणाऱ्या प्लॅबच्या (परदेशी डॉक्टरांना तिथे काम करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या) दुसऱ्या भागात प्रत्येक प्रसंगाला आठ मिनिटे असतात आणि तिथे बोलायचे ते रुग्णाची भूमिका करणाऱ्याशी. एमआरसीपी या तिथल्या मेडिसिनच्या पदव्युत्तर परीक्षेचा पेसेस हा जो प्रात्यक्षिक भाग, त्यात दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात आणि तुमची तपासणी चालू असताना गप्प राहून लिहीत असतात. पेनची कुरकुर ऐकून "मी आता काय चुकलो?" असा विचार सुरू होतो. बरोबर केलेले आणि चुकलेले, दोन्ही ते लिहितात. परीक्षकांची खुर्ची आपल्या पाठीमागे पडेल असे उभे राहता आले तर राहावे. तसे नसेल तर रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे, आणि पोट दाबताना तर तसेही तिथेच पाहायचे असते.

जे विचलन नाही, ते सहन करू नये

जात, आडनाव, प्रवेशाचा कोटा, दिसणे, कपडे यांवरून केलेली शेरेबाजी किंवा मुलींशी केलेली लघळ भाषा यांना "परीक्षक जरा विक्षिप्त आहेत" असे म्हणून या लेखातले उपाय लावू नयेत. त्या क्षणी परीक्षा पूर्ण करावी, बाहेर आल्यावर वेळ, टेबल, नेमके शब्द आणि तिथे आणखी कोण होते हे त्याच दिवशी लिहून काढावे, आणि विभागप्रमुख किंवा अधिष्ठाता यांच्याकडे लेखी द्यावे. लैंगिक स्वरूपाच्या वागणुकीसाठी 2013 च्या कायद्यानुसार नेमलेली अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक महाविद्यालयात असणे बंधनकारक आहे. "गुण जातील" ही भीती खरी आहे, म्हणून एकट्याने न जाता विश्वासातल्या शिक्षकाला सोबत घ्यावे.

एका टेबलावरून दुसऱ्याकडे जाताना

पहिल्या केसला विचलित झालेला विद्यार्थी दुसऱ्या केसला ती केस बरोबर घेऊन जातो. मधली दोन-तीन मिनिटे मित्रांना "तुला काय विचारले?" हे विचारण्यात घालवू नयेत. रुग्णाचे आभार मानावे, त्याचे पांघरूण सारखे करावे, हात स्वच्छ करावेत, स्टेथोस्कोप पुसावा आणि सामान मोजावे : हॅमर, टॉर्च, टेप, पिन, कापूस, ट्यूनिंग फोर्क. गडबडलेल्या विद्यार्थ्याचा हॅमर हमखास मागच्या पलंगावर राहिलेला असतो, आणि पुढची शॉर्ट केस नेमकी हॅमर लागणाऱ्या हेमिप्लेजियाची (अर्धांगवायूची) निघते.